खात्रीची ओळ

सांबाराचा वास आला की मला अजून ती दुपार आठवते. चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या माझ्या पहिल्या ऑफिसात त्या दुपारी हाच वास भरला होता. दोन सेन्सरांचे आकडे जोडीजोडीने वजा करून दाखवायचे होते, क्लायंट लिफ्टपाशी पोचला होता, आणि माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर दर वेळी रिकामं येत होतं. खात्रीसाठी मी वजाबाकीआधी एक ओळ घालून आकडे स्क्रीनवर छापून बघत होते. ते तर सगळे दिसत होते! मी रडकुंडीला आले. शेजारची तमिळ मैत्रीण डबा सोडून आली. “अय्यो, इटरेटर आहे हा, एकेक आकडा काढून देतो, एकदाच वाचता येतो. तू छापून बघतेस, तिथेच संपतो. मग वजा काय होणार?” मी ती छापायची ओळ पुसली आणि उत्तरं भराभर उतरली. काल माझं बाळ झोपलंय ना, याची खात्री करायला दाराच्या कडीला हात लावला, पण कडी वाजली तर त्याची झोप तिथेच संपेल, म्हणून तशीच मागे फिरले.