एकेकच ठेवायची

ओसाकाच्या निप्पोनबाशी भागात उएमोतो म्हाताऱ्याचं जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे एकाच कॅसेटवर चिझुरुचा आणि केन्सुकेचा हात पडला.

"घ्या तुम्ही. माझ्याकडे आहे ही," चिझुरु म्हणाली.

"माझ्याकडेही आहे."

दोघंही हसत सुटले. लहानपणी ज्या खेळांपायी आईच्या शिव्या खाल्ल्या, तेच पुन्हा जमवायचं वेड दोघांना. वर्षभरात लग्न झालं.

भाड्याच्या दोन खोल्यांत दोघांची खोकी येऊन पडली आणि पाय ठेवायला जागा उरली नाही. केन्सुके चष्म्याच्या दुकानात कामाला, टापटिपीचा माणूस. तो म्हणाला, "संसार एक, मग संग्रहही एकच. प्रत्येक खेळ एकदाच. दोनातली चांगली असेल ती ठेवायची."

तिलाही पटलं. रविवारी दोघं जमिनीवर बसून जोड्या लावू लागले. त्याच्या कॅसेटी मोठेपणी घेतलेल्या, खोक्यासकट, कोऱ्या करकरीत. तिच्या लहानपणापासूनच्या, पिवळ्या पडलेल्या. शेजारच्या पोरांनी नेल्या तर परत याव्यात म्हणून आईने पाठीवर जाड काळ्या शाईने तिचं नाव घातलेलं. केन्सुके दोन्ही उजेडात धरून बघायचा आणि तिची बाजूला सारायचा.

"हिच्यावर नाव आहे गं."

"माझंच आहे ना?"

"तेच तर! नाव घातलेलीला कोण विचारतंय?"

तेव्हा ती खळखळून हसली होती. ज्यांना जोडी नव्हती, अशा तिच्या मोजक्याच कॅसेटी वाचल्या. खेळायचं यंत्रही त्याचंच राहिलं. बाकी सगळं उएमोतोकडे गेलं, आणि त्या पैशांत काचेचं कपाट आलं.

कपाटाला कुलूप होतं. पाहुणे आले की केन्सुके दार उघडून सांगायचा, "यात एकही खेळ दुबार नाही." चिझुरुने कधी खेळायला काढू म्हटलं, तर "झिजतात गं" म्हणून किल्ली खिशात. काही वर्षांनी तिने विचारणंच सोडलं.

मग त्याच्याच दुकानातल्या एका बाईशी असलेलं त्याचं प्रकरण उघडकीला आलं. चिझुरुने आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "कपाटात दुबार चालत नाही. बाहेर बरं चालतं तुला!"

वेगळं व्हायचं ठरलं. वाटणीच्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "ज्याचं त्याने न्यावं." बोलणं रास्त होतं. तिने त्याच्याकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. फळ्यांमागून फळ्या त्याच्याच होत्या. तिच्या कॅसेटी एका कोपऱ्यात मावत होत्या.

"माझ्या तू विकल्यास."

"आपण विकल्या. शेजारी बसून जोड्या कोण लावत होतं?"

ती कोपऱ्यातल्या कॅसेटी पिशवीत भरू लागली, तसा तो कळवळला. "एवढ्या राहू दे ना. संग्रह मोडेल गं!"

लग्न मोडताना त्याचा आवाज असा कापला नव्हता. तिने पिशवी उचलली.

जवळच्याच साकाई शहरात तिने एक खोली घेतली. एकदा उएमोतोच्या दुकानात जाऊन विचारलं, "माझ्या नावाच्या कॅसेटी कधी फिरून आल्या का?"

म्हातारा ओशाळला. "नावं आम्ही ठेवत नाही, बाई. औषध लावून पुसतो, मगच विकायला मांडतो. असतीलही इथे. ओळखणार कशा?"

ती रिकाम्या हाताने परत आली. खेळायचं यंत्रही तिने घेतलं नाही. पिशवी गाठ मारलेली तशीच कपड्यांमागे पडून राहिली.

हिवाळ्यात केन्सुकेचा फोन आला. "तुझी ती मासेमारीच्या खेळाची कॅसेट देतेस का? कुठेच मिळत नाही. मागशील ते देतो."

"विकली," ती खोटंच म्हणाली.

"कुणाला?"

"नाव नाही विचारलं."

"अगं, एकच होती ती!" तो म्हणाला. त्याला लागलं, हे तिला कळलं. बरं वाटायला हवं होतं. फोन ठेवून तिने भात लावला, आणि त्याच्याबरोबर खायला काहीच केलेलं नाही हे ताट घेतल्यावर तिच्या लक्षात आलं.