ओ, के, ओ, जे

कमल, तोंडावर तुझं कौतुक मी कधी केलं नाही, तू करू दिलंही नसतंस. आज तुझी गोष्ट परक्या बाईची सांगावी तशी सांगते. मधे बोलायचं नाही.

कमलबाईंनी जळगावात मेहरूणजवळच्या एका छापखान्यात सत्तावीस वर्षं टायपिंग केलं. धुळ्याचे तोताराम गुरुजी अकरा वर्षं खेड्यापाड्यांतून अहिराणी शब्द गोळा करत हिंडले, आणि ते सगळे कमलबाईंनी टाइप केले. गुरुजी वारले, हस्तलिखित वाळवीनं खाल्लं. उरली फक्त छापखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधली फाइल, आणि नवा मालक ललित ते यंत्र सकाळी पुसून भंगारात देणार होता.

बाई आदल्या दुपारीच जाऊन खुर्चीवर बसल्या.

ललितनं जुन्या फाइलींना हात न लावता त्यावर लिनक्स ही नवी प्रणाली घातली होती. फाइली शोधायचं सॉफ्टवेअर उघडून त्यानं मराठीत 'वावर' लिहिलं. शून्य. 'शब्दसंग्रह' लिहिलं. शून्य.

"काहीच नही शे, अक्का. घरी जा."

"नही कसं? मी सोता लिखेल शे. बठ्ठं आठेच शे, सगळं इथंच!"

"मशीन खोटं बोलतं का?"

"मशीनला मराठी कुठं येत होतं तेव्हा? सरक."

बाईंना एकदम उमगलं. तेव्हाचा फॉन्ट म्हणजे सोंग होतं. कागदावर मराठी दिसायची, आत साठायची इंग्रजी अक्षरं. त्यांनी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवला, डोळे मिटले आणि जुन्या टाइपरायटरच्या सवयीनं 'वावर' मारलं. पडद्यावर उमटलं ओ, के, ओ, जे.

"हे कोणतं गाव?" ललित हसला.

शोधात चौदा फाइली आल्या. हसू तिथंच राहिलं.

"आता पूस बरं," बाई म्हणाल्या. "आधी मला पूस."

फॉन्ट मिळवून, छापून होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. ललितनं मुकाट चहा मागवला.

दोन प्रती निघाल्या. गुरुजींच्या पत्नी वच्छलाबाई धुळ्यात सगळ्यांना सांगत, "ह्यांची अकरा वर्षं मातीत गेली." एक प्रत त्यांच्या हातात पडायला हवी होती. मी गुरुवारी धुळ्याला जाणारच होते, म्हणून तू ती मला दिलीस. "हातात दे," म्हणालीस, "शेजारी ठेवू नको."

त्या गुरुवारी माझा गुडघा दुखला. पुढच्या गुरुवारी पाहुणे आले. मग कळलं, वच्छलाबाई कायमच्या सुरतला लेकीकडे गेल्या. पत्ता मी विचारला नाही. पुडकं माझ्याकडेच आहे, कमल. सुतळीसुद्धा सोडलेली नाही.