जनरलची जात

नवा माणूस भेटला की कोक ओव्हनवाल्या काकू त्याला ना नाव विचारत, ना गाव. कंबरेवर हात ठेवून एवढंच म्हणत, "कोणत्या शॉपचे?" भिलाईत शॉप म्हणजे दुकान नव्हे, स्टील प्लांटमधला विभाग. आम्ही रिसालीच्या नव्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा ट्रकमधून कपाट उतरत होतं आणि शेजारच्या फाटकातून हाच प्रश्न आला. मी म्हटलं, मी शाळेत शिकवते, प्लांटमध्ये नाही. "तुमी नसान जी, घरचे?" घरचे रेल मिलचे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मंग आपलेच होय." पाठोपाठ चहाची किटली आली. भाजीवाला, विजेचं मीटर पाहणारा, दाताचा डॉक्टर, कोणीही या प्रश्नातून सुटला नाही. ज्याला शॉपच नाही त्याच्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटे.

काकूंचे यजमान जन्मभर कोक ओव्हनला, दगडी कोळशाच्या भट्ट्यांवर होते. मी आले तेव्हा ते वारले होते, पण शॉप काकूंकडे राहिलं होतं. फाटकावर पत्र्याची पाटी होती, "मारोतराव, कोक ओव्हन". आडनाव नाही. मी रायपूरच्या जुन्या मराठी घरातली, आम्हाला आडनाव कळल्याशिवाय पाणी घशाखाली उतरत नाही. एकदा लाल भाजी निवडता निवडता मी त्याबद्दल विचारलंच.

"भंडाऱ्याकडून आलो तवा दुर्ग शहरात खोली पाहून राहिलो होतो," काकू म्हणाल्या. "घरवाली बाई चांगली होती. पाणी देलं, बसाले देलं. मंग म्हणे, जात कोणती? ह्यांनी सांगतली. तं म्हणे, खोली कालच गेली." त्या हसल्या. "मंग क्वार्टर भेटला. बाजूले तेलुगू, समोर बंगाली, मागं सरदारजी. सारे एकच इचारत, कोणत्या शॉपचे? बस. तवापासून माह्या तोंडात थेच बसलं." मी खाली मान घालून भाजी निवडत राहिले. आडनाव पुन्हा विचारलं नाही.

माझ्या मराठीला त्या 'इस्तरीची मराठी' म्हणत आणि मला मास्तरीणबाई. मी 'का' म्हटलं की मुद्दाम 'कावून' म्हणून दाखवत. अशी चेष्टा करणारं माणूस शेजारी असलं की घर परकं वाटत नाही.

जनरल आला तो जामुलहून. काकूंचा भाचा तिथल्या सिमेंट कारखान्यात कामाला. त्यांच्या वस्तीतली गुरं चारणारा राऊत होता, त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक भाच्यानं मामीला सोबत म्हणून आणून दिलं. काळं कुळकुळीत, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके, पंजे तपकिरी. पिल्लू रात्रभर घोरत पडे आणि सकाळी लोक कामाला निघाले की उठून फाटकाशी बसे. काकूंनी त्याचं बारसं केलं. "ए शिफ्ट नाई, बी नाई, नाईटले तं बिलकुलच नाई. जनरल शिफ्टवाला होय हा." कॉलनीला वाटलं, फौजेतला जनरल. तिथपासूनच त्याच्या नावानं लोक जरा दबकत.

मी विचारलं होतं, "काकू, कोणत्या जातीचा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोक ओव्हन. रंग दिसून नाई राहिला का जी?" मी खूप हसले. उत्तर पुरेसं होतं. तिथंच गप्प बसले असते तर आज हे लिहायला बसावं लागलं नसतं.

पण मला आपली अक्कल पाजळायची खोड. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष इवलासा विलायती कुत्रा घेऊन फिरत. त्याला स्वेटर होता. जनरल वर्षभराचा होऊन चांगला दांडगा झाला होता. एका संध्याकाळी अध्यक्ष काकूंच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "माताजी, यह देसी गेट के अंदर कैसे आ गया?" काकूंना काहीच वाटलं नाही. जळजळ झाली ती मला. फोनवर कधीतरी पाहिलेलं अशाच रंगाच्या एका खतरनाक परदेशी कुत्र्याचं चित्र आठवलं आणि मी वर्गातल्या आवाजात ठोकून दिलं, "देसी नहीं है, भाई साहब. रॉटवायलर है." अध्यक्ष मागे सरले. स्वेटरवाल्याला त्यांनी कडेवर घेतलं. मला असा काही आनंद झाला म्हणता!

ते गेल्यावर काकू जवळ आल्या. "तुमाले कसं कळलं जी, राऊतवाला होय म्हणून? मी तं सांगतलंच नोतं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. त्यांनी रॉटवायलर ऐकलंच नव्हतं. राऊतवाला, म्हणजे राऊताच्या घरचा. मास्तरीणबाईंनी नुसतं पाहून ओळखलं याचं त्यांना कौतुक वाटत होतं. मी घरी जाऊन पोट धरून हसले, ह्यांनाही हसवलं, पण काकूंना काही सांगितलं नाही. गंमत चालू राहावी असं वाटलं. पुढं कोणी विचारलं की काकू मोठ्या मानानं सांगत, "राऊतवाला," आणि ऐकणारा मनात रॉटवायलर धरून रस्ता बदलत असे. असा तो गरीब गुराख्याचा कुत्रा माझ्या कृपेनं साहेब झाला.

मग बातम्या येऊ लागल्या. कुठं मुलाला फाडलं, कुठं म्हातारीला. सरकारचा कागद निघाला, भयंकर जातींची नावं त्यात होती. तो कागद कुठल्याशा कोर्टानं अडवलाही, पण आमच्या कॉलनीत तो आधीच शिरला होता. लोकांची भीती खोटी नव्हती, हेही सांगते. लहान मुलं सगळ्यांचीच होती. समितीनं गेटवर फलक लावला. त्यात रॉटवायलर होता, आणि खाली आणखी एक कलम, गुडघ्याहून उंच कुत्रा ठेवता येणार नाही. काकूंनी फलक वाचून घेतला आणि अध्यक्षांना गाठलं. "किसके घुटने से जी? तुमारे के मेरे?" काकू उंचीनं जेमतेम अध्यक्षांच्या खांद्याला लागत. सगळे हसले. मला वाटलं, हसण्यावारी जाईल.

रविवारी कॉलनीच्या मंदिरासमोरच्या मांडवात बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, "माताजी, कौन सी नस्ल है?" काकू उभ्या राहून सरळ म्हणाल्या, "राऊतवाला." त्यांच्या हिशेबी त्या सांगत होत्या की बाबांनो, गुरं राखणाऱ्याच्या दारातलं जनावर आहे, कशाला घाबरता. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मैडम, आप ही ने बताया था ना?"

सगळी डोकी माझ्याकडे फिरली. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, मी त्या दिवशी तुमची जिरवायला थाप मारली. दुसरी, काकू भलतंच समजल्या आहेत. पहिलीनं माझं हसं झालं असतं, दुसरीनं काकूंचं. काकूंना लोकांच्या हसण्यापासून वाचवतेय असं मी स्वतःला पटवलं, आणि म्हटलं, "दिखता तो वैसा ही है."

एवढंच. माझ्या या पाच शब्दांवर निकाल लागला. जनरलला कॉलनीत राहता येणार नव्हतं.

परतताना काकू शेजारून चालत होत्या. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, थे जे बोलून राहिले होते, थे राऊतवाला नाई ना जी?"

"नाही काकू. परदेशी जात आहे एक. मीच म्हटलं होतं. उगीच."

"हं," म्हणाल्या आणि चालत राहिल्या. जनरल फाटकाशी शेपूट हलवत होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "एवढं शिकून तुमाले कोक ओव्हन पुरलं नाई का जी?"

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेले. सांगितलं, कुत्रा गावठी आहे, मी खोटं बोलले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समजुतीनं म्हणाले, "मैडम, अब आप पड़ोसन को बचा रही हैं. अच्छी बात है." थाप त्यांनी एका क्षणात खरी मानली होती. खऱ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. आणि खऱ्यावर बसला असता तरी गुडघ्याचं कलम होतंच.

काकूंनी जनरलबरोबर स्वतःही जायचं ठरवलं. मी विनवलं, जनरलला भाच्याकडे पाठवा, तुम्ही इथं राहा, मी दर आठवड्याला तुम्हाला तिकडं नेईन. त्या डबे भरत होत्या. म्हणाल्या, "दुर्गातल्या थ्या खोलीतून आमी दोघंही निंगालो होतो. एक जन अंदर अन एक बाहेर, असं केलं असतं का?" मग माझं उतरलेलं तोंड पाहून त्यांनीच मला लाडू दिला. मी तो बाजूला ठेवून डब्यांची झाकणं लावू लागले.

टेम्पो आला. भाच्यानं फाटकावरची पाटी स्क्रू काढून उतरवली. काकू पुढं बसल्या, पाटी मांडीवर, जनरल पायाशी. गेटवरून जाताना त्यांनी फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहत होते. माझा शब्द तिथं रंगवलेला होता.

जामुलला मी जात राहिले. तिथं झाडांच्या पानांवरही सिमेंट. काकूंनी आठवडाभरात सगळी गल्ली विचारून काढली होती, कोणत्या शॉपचे? कोणी पॅकिंगचा, कोणी भट्टीचा. मला पाहून पूर्वीसारख्याच हसत, चहा टाकत, माझ्या इस्तरीच्या मराठीची टर उडवत. राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं. एकदा मी धीर करून म्हटलं, "काकू, माझं चुकलं." त्या जनरलच्या पाठीवरची धूळ झटकत होत्या.

"तुमी त्याले मोठी जात देली. चांगल्या मनानं देली, मले मालूम हाय. पण मोठी देली का लहान देली, जात देली ना जी."

मी खाली बसून त्याच्या पायांवरची धूळ झटकू लागले.

या हिवाळ्यात काकू गेल्या. छातीत कफ झाला आणि आठवड्यात आटोपल्या. भाच्याकडे जागा अपुरी, घरात तान्हं मूल. मी जनरलला मागून घेतलं. ह्यांनी विचारलं, गेटवर काय सांगशील? मी म्हटलं, बघू.

ऑटोवाला गेटच्या आत यायला तयार नव्हता, म्हणून बाहेरच उतरलो. गार्ड नवा होता. त्यानं जनरलकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. "मैडम, कौन सी नस्ल है? पूछे बिना अंदर लेना मना है."

देसी म्हटलं असतं तर खरंही झालं असतं, आणि उंचीकडे काणाडोळा करून त्यानं कदाचित आत सोडलंही असतं. पण तीही जातच. काकू शेजारी उभ्या असत्या तर कंबरेवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या असत्या.

"कोक ओव्हन," मी म्हटलं.

"यह कौन सी नस्ल हुई?"

"यही है. लिखना है तो यही लिखो."

तो गोंधळला. अध्यक्षांना विचारावं लागेल म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन फोन लावू लागला. मी गेटबाहेर उभी राहिले. ओळखीचे लोक स्कूटरवरून आत जाताना माझ्याकडे वळून पाहत होते. पाहू देत. दुपार होती, जनरल माझ्या पायाशी फाटकाकडे तोंड करून बसला होता. त्याची ड्यूटी चालू होती.