मोडून परत आलेली रायफल

ती सकाळ मला तपशिलासकट आठवते, आणि आठवली की आजही संताप येतो. त्या संतापातला थोडा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याची मी प्रभारी अधिकारी होते. उसाचा हंगाम भरात होता. हजेरी संपली, बीटवर माणसं गेली, आणि मी दिवसाच्या कामांची यादी लिहायला बसले. ही माझी सवय. वहीच्या डाव्या पानावर कामं, उजव्या पानावर काय झालं ते. दहाच्या सुमारास एक गृहस्थ आत आले. वय सत्तरीच्या आसपास, इस्त्रीचं धोतर, हातात चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू. भीमेकाठच्या एका गावातले मोठे बागायतदार. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही तेच म्हणेन.

आबांनी चादर माझ्या टेबलावर उलगडली. आत तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. वडिलांनी शिकारीसाठी घेतलेली. शिकारीवर बंदी आल्यावर परवाना पीक संरक्षणाच्या कारणाखाली चालू राहिला आणि पुढे वारशानं आबांकडे आला. दरवेळी शस्त्र तपासणीला ते ही रायफल अशी आणायचे, की नळीत तोंड दिसावं. आज मात्र मागचा लाकडी दस्ता उभा तडकला होता, भेगेत फेव्हिकॉलसारखं काहीतरी भरलं होतं आणि बोल्टवर गंज होता.

"मॅडम, तीस वर्षांची दोस्ती," आबा म्हणाले. "डुकरं ऊस खात्यात म्हणून मागितली, दिली. आन् ह्या माणसानं ही अशी आणून दिली. वर काळी पट्टी गुंडाळून. मला वाटलं पावसापाण्यासाठी गुंडाळली आसंल. पट्टी काढली तवा कळलं. लिहून घ्या."

"म्हणजे रायफल तुम्ही स्वतः दिली?"

"व्हय, मीच दिली. चोरली न्हाई त्यानं."

"कुणाची परवानगी घेऊन?"

"माझी रायफल हाय. कुणाला इचारू?"

आमचे हवालदार न्हावऱ्याचे. नोकरीतली पंचवीस वर्षं याच तालुक्यात गेलेली. त्यांनी शांतपणे पाण्याचा ग्लास आबांपुढे सरकवला. "पाणी घ्या आबा. लागंल तुम्हाला आता."

वाचकांसाठी सांगते. शस्त्राचा परवाना माणसाला मिळतो, शस्त्राला नाही. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्याच हातात ते शस्त्र. मित्राला, मेहुण्याला, शेजाऱ्याला दोन दिवस वापरायला दिलं तर देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार. आबा मित्राविरुद्ध तक्रार द्यायला आले होते आणि स्वतःचा कबुलीजबाब सांगून बसले होते. मी ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलंच नाही. ट्रॅक्टर देतो, पंप देतो, मग रायफलीत काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. गुन्हा माझ्यावर घालायचा तर घाला, पण दस्ता कुणी मोडला ते त्याच्याकडून वदवून घ्या, एवढाच त्यांचा हट्ट.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. फिर्यादी स्वतः चालत आला, शस्त्र टेबलावर, दुसऱ्या आरोपीचं नाव-गाव हातात. दिवसभरात कागद पुरे होतील, असं मी मनाशी मांडलं.

मित्राला मी फोन करून बोलावून घेतलं. हे आप्पा. नदीपलीकडे, दौंड तालुक्यातल्या गावात राहायचे. तास-पाऊण तासात मोटारसायकलवरून आले. पांढरे स्वच्छ कपडे, पायातल्या चपलांना मात्र ओली माती. आल्याआल्या हसले आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवला. आबांनी तो झटकला.

"दोस्ता-दोस्ताचं भांडण हाय मॅडम," आप्पा म्हणाले. "नवा सागवानी दस्ता बसवून देतो. कशाला ठाणं आन् कागद?"

मी आबांना बाहेर बाकावर बसवलं आणि विचारपूस सुरू केली. रायफल कशी मोडली? गाडीवरून पडली. कुठे? पुलाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यावर. गंज? रस्त्याकडेच्या पाण्यात पडली म्हणून. आबांनी पाच काडतुसं दिली होती, परत तीन आली. बाकीची दोन? तीही पाण्यात गेली. डुकरांवर बार काढला का? काढलाच नाही, डुकरं आलीच नाहीत.

उत्तरं एकदम तयार होती. माझा अनुभव असा, की घरून उत्तर घेऊन आलेल्या माणसाला सुरुवात आणि शेवट पाठ असतो, मधलं पाठ नसतं. म्हणून मी तेच प्रश्न मधून विचारते, मग उलटे विचारते. रायफल पाठीला होती की टाकीवर? टाकीवर, म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, पाठीला होती. पडल्यावर गाडी कुणी उचलली? स्वतः. गुडघा कुठला खरचटला? पायजमा वर करून दाखवा म्हटल्यावर म्हणाले, खरचटलं नव्हतं.

हे सगळं मी नीट लिहून घेत होते. कलमं कुठली लागतील, पंच कोण बोलवायचे, परवाना निलंबनाचा अहवाल कसा पाठवायचा, तेही बाजूला टिपत होते. घाई करायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

तेवढ्यात हवालदार आत आले. बाहेर बाकावर आबांनी त्यांना खिशातून काळ्या चिकटपट्टीचा गोळा काढून दिला होता. वायरिंगवाले वापरतात ती पट्टी. दुरुस्ती किती भंगार केली याचा पुरावा म्हणून आबांनी तो जपून आणला होता. हवालदारांनी खिडकीजवळ उजेडात ती पट्टी हळूहळू उलगडली. चिकट बाजूला सात-आठ केस चिकटले होते. आखूड, पिवळट, टोकाला काळपट. मग त्यांनी रायफल उचलली आणि दस्त्याची खालची बाजू माझ्याकडे केली. लाकडात खोल गेलेले चार ओरखडे होते, शेजारीशेजारी, एकाच दिशेनं. डांबरावर पडलेल्या वस्तूला असे ओरखडे येत नाहीत. शिवाय नळीवर घासल्याची एकही खूण नव्हती.

"आप्पा," हवालदार म्हणाले, "हे कुत्र्याचे केस हायेत असं मला सांगू नका. माझ्या गोठ्यात दोनदा येऊन गेलाय तो वाघ. गवाणीला त्याचे केस मी हातानं काढल्यात."

आप्पांचं हसू गेलं. त्यांनी खाली बघत सगळं सांगितलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. वाघानं त्यांच्या दोन कालवडी नेल्या होत्या. वनविभागानं पिंजरा लावला होता, पण तो भलतीकडे लावला असं त्यांचं मत. म्हणून डुकरांचं निमित्त सांगून रायफल आणली. तीन दिवसांपूर्वी दिवस मावळायच्या आत, विहिरीच्या कडेला बसून दोन बार काढले. पहिला चुकला, दुसरा लागला. बिबट्या पळायच्या ऐवजी अंगावर आला. यांनी रायफल आडवी धरली, त्यानं दस्त्यावर पंजा मारला, रायफल विहिरीच्या कठड्यावर आपटली आणि दस्ता तडकला. मग तो उसात शिरला. यांनी रायफल धुतली, वाळवली न वाळवली, चिकटवली, पट्टी मारली आणि दोस्ताच्या घरी नेऊन दिली.

मी लिहीत होते. वन्यजीव कायद्याचं कलम वाढलं, वनविभागाला कळवणं आलं, हे डोक्यात जुळवत होते. मग सहज विचारलं, "मेला का तो?"

"न्हाई जी. रगात सांडत गेला."

"कुणाच्या उसात?"

मी पेन खाली ठेवलं.

"आप्पा, कुणाच्या उसात?"

"माझ्याच."

"आणि तोड कधी आहे?"

"आज सकाळधरनं टोळी लागलीय."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. हा माणूस माझ्यासमोर चाळीस मिनिटं बसला होता. गोळी लागलेला बिबट्या ज्या उसात आहे, त्याच उसात सोळा माणसं कोयते घेऊन वाकून चालली होती, आणि हा मला सागवानी दस्त्याबद्दल सांगत होता. मी आवाज चढवते तेव्हा ठाण्यातली माणसं कागदात डोकं घालतात. त्या दिवशी मी चढवला. तोड पुढं ढकलली असती तर पुन्हा नंबर कधी लागला असता, ऊस वाळला असता, असं ते काहीतरी पुटपुटले.

मुकादमाला त्यांच्याच फोनवरून फोन लावला. उचलला नाही. उसात वाकलेला माणूस फोन कुठला उचलतो? मी वनविभागाला कळवलं, नदीपलीकडच्या ठाण्याला कळवलं, कारण हद्द त्यांची, आणि निरोपाची वाट न बघता आप्पांना जीपमध्ये घालून निघाले. आबा बाकावरून उठून म्हणाले, "मॅडम, रायफल उघडी टाकू नका, दमट हाय इथं." मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पूल ओलांडून शेताच्या बांधावर पोचलो तेव्हा दोन तृतीयांश ऊस पडला होता. टोळी चारी बाजूंनी आत सरकत होती आणि मधला पट्टा उभा होता. जखमी जनावर कुठं असणार, हे सांगायला वनखात्याची गरज नव्हती. मी सायरन लावू दिला नाही, गाडीचं दार आपटू दिलं नाही. हवालदार एका अंगानं गेले, मी दुसऱ्या. एकेकाच्या जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, कोयता हातात ठेवा, पाठ न करता मागं या. मुकादम गाडी भरायची राहील म्हणून वाद घालू लागला. मी त्याच्या कानात एकच शब्द सांगितला. त्यानंतर तोच सगळ्यांत पुढे बांधावर होता.

सर्वांत शेवटी बाहेर आली ती बीडकडची एक बाई. उभ्या पट्ट्याच्या अगदी तोंडाशी तिची सरी होती. तिनं आधी हातातली मोळी बांधून पुरी केली आणि मग आली.

वनविभागाची माणसं दीडला पोचली. जाळी लावली, पट्ट्याच्या दोन्ही तोंडांना माणसं ठेवली. चारच्या सुमारास बिबट्या सापडला. खांद्यात गोळी, जखमेत किडे, पण जिवंत आणि उठण्याइतका धडधाकट. बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन त्याला पिंजऱ्यात घातलं. तो जिथं दबून बसला होता तिथपासून त्या बाईच्या सरीपर्यंतचं अंतर पंचनाम्यात घ्यायचं होतं, म्हणून आम्ही सऱ्या मोजल्या. मधे सहा सऱ्या होत्या.

पंचनाम्यासाठी आप्पांना बांधावर उभं केलं होतं. टोळी खोपीकडे न जाता तिथंच बसून राहिली होती. काय झालं, कुणी केलं, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. शिव्या कुणी दिल्या नाहीत. ती बाई मात्र उठली, पदर खोचला आणि आप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"मालक, सकाळी तुमीच चहाची किटली घिऊन आलतात. हितंच बांधावर उभं राहून समद्यांना कप दिलेत. तवा तरी बोलायचं व्हतं."

"मला वाटलं, मेला आसंल," आप्पा म्हणाले.

"मेला वाटत व्हता," ती म्हणाली, "तर मंग तुमी बांधाच्या आत का न्हाई आलात?"

माझ्या सगळ्या उलटसुलट प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

पुढे दोघांवर गुन्हे दाखल झाले. आबांचा परवाना गेला, रायफल मुद्देमालात जमा झाली. आबा त्यानंतर तीन वेळा ठाण्यात आले. तिन्ही वेळा रायफलीला तेल लावता का, हेच विचारायला. टोळीतल्या माणसांचं काय झालं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आप्पांशी बोलणं मात्र त्यांनी कायमचं टाकलं, दस्त्यावरून. या दोघांना गावात आजही लोक भली माणसं म्हणतात. एरवी ती असतीलही. पण आपल्या वस्तूचं नुकसान ज्यांना लगेच दिसतं आणि आपल्या शेतात राबणाऱ्याचा जीव दिसत नाही, त्यांच्या भलेपणावर माझा विश्वास बसत नाही.

माझ्यापुरतं मी एक केलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, चोरी असो, मारामारी असो की साधी हरवल्याची तक्रार, पहिला प्रश्न मी गुन्ह्याबद्दल विचारला नाही. 'या क्षणी अजून कोण धोक्यात आहे?' हा विचारला. हाताखालच्या नव्या पोरांनाही तोच आधी विचारायला लावला. कलमं नंतर सापडतात, पंच नंतरही मिळतात.

त्या दिवशी निघण्याआधी मी त्या बाईला आणखी एक गोष्ट विचारली होती. एका सरीला साधारण किती वेळ लागतो? ती म्हणाली, दोघं नवरा-बायको असलो तर दहा मिनिटं. म्हणजे मी ठाण्यात दस्ता, गुडघा आणि गंज यांच्याबद्दल लिहून घेत होते, तेवढ्या वेळात ती चार सऱ्या पुढं गेली होती. हिशेब मी उजव्या पानावर लिहिला आणि खाली सही केली.