दुसऱ्याच्या लेकीचा ताप

"सेरेब्रल मलेरिया," डॉक्टर म्हणाले. मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं, "हिवताप मेंदूवर गेलाय. आत्ता काहीच सांगता येत नाही. तिच्या आईवडिलांना कळवा."

आईवडील नॉर्वेत होते. मुलगी आमच्या भरवशावर वाशीत.

मार्गित सतरा वर्षांची. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेतून वर्षभरासाठी आमच्याकडे राहायला आली होती. माझी सुनीता तिच्याच वयाची, दोघी एकाच कॉलेजात जायच्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमच्या सेक्टरात इमारती थोड्या, मागे खाडीपर्यंत दलदल. संध्याकाळ झाली की खिडक्या लावून घ्यायचो, तरी डास यायचेच.

पोरगी छान रुळत होती. मांडी घालून जेवायची, मला काकू म्हणायची, सुनीताचे ड्रेस घालायची. मलेरियाच्या गोळ्या तिने सोबत आणल्या होत्या, पण त्यांनी मळमळतं म्हणून मध्येच सोडल्या. आम्हाला ते नंतर कळलं.

एका दुपारी कॉलेजातून आली ती कुडकुडत. बाहेर ऊन रणरणत होतं. मी गोधडी घातली. घाम येऊन ताप उतरला, तशी उठून चहा प्यायली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. "फ्लू असेल," ते म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं. तुमच्या घरी असा ताप आला तर एका तपासणीवर थांबू नका, म्हणून हे लिहिते आहे. ताप चढलेला असताना पुन्हा रक्त द्या.

ताप परत आला. पुन्हा उतरला. मग एका सकाळी ती दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला घालून दारात उभी राहिली. सुनीताने हाक मारली, तर तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मी रिक्षा बोलावली.

हॉस्पिटल नवीन होतं, भिंतींना अजून रंगाचा वास. सलाईनमधून क्विनीन सुरू केलं. क्विनीन म्हणजे मलेरियावरचं जुनं, कडू औषध. त्याने रक्तातली साखर एकदम खाली येते, म्हणून नर्स सारखी बोट टोचायची. मार्गितचे डोळे उघडे, पण त्यांत ती नव्हती. इंग्रजी गेलं, शिकलेलं थोडंफार मराठीही गेलं. तिच्या भाषेत एकच पुटपुटायची. "लुक दोरा. लुक दोरा."

आमच्याकडे मासळी घालणाऱ्या बायजाबाय जुन्या गावठाणातल्या. ऐकून भेटायला आल्या. "पोर दोरा मांगते हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या देवीचा आनते." आणि खरंच काळा दोरा घेऊन आल्या. डॉक्टरांनी अडवलं नाही. "सलाईनच्या हाताला नको, दुसऱ्या हाताला बांधा," एवढंच म्हणाले.

ह्यांनी ऑफिसातून ट्रंककॉल बुक केला होता. कॉल लागला तेव्हा फोन माझ्या हातात दिला. तिच्या आईचं इंग्रजी मोडकं, माझंही.

"ती बोलते का?" आईने विचारलं.

"बोलते. तुमच्या भाषेत." आणि मी ऐकलं होतं तसं म्हणून दाखवलं.

तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग ती सावकाश म्हणाली, "ती दार लावायला सांगते आहे. थंडी आत येते, म्हणून. लहान असताना असंच म्हणायची."

मी वॉर्डात परत आले आणि दार लावलं. नर्स रागावली. मी दाराला पाठ लावून तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी झटके आले. तिचं शरीर ताठ झालं आणि आम्हाला बाहेर काढलं. बाकावर सुनीता विचारत होती, "आई, ती मेली तर तिच्या आईला कोण सांगणार?" मी तिला गप्प केलं. मीही तोच विचार करत होते.

त्यानंतर ताप हळूहळू हटला. मार्गितने पाणी मागितलं, इंग्रजीत. कानात घंटा वाजतात म्हणाली. क्विनीनने तसं होतं, पुढे गेलं ते. मराठी मात्र पुसल्यासारखं झालं होतं. घरी आल्यावर तांब्याकडे, पोळपाटाकडे बोट दाखवून पुन्हा पहिल्यापासून विचारायची. भिंत धरून चालायची. आमच्या घरात ती दुसऱ्यांदा राहायला आली, असंच म्हणायचं.

आईने परत बोलावलं, पण ती गेली नाही. "वर्ष पुरं करणार," म्हणाली. लोकांनी तिचं कौतुक केलं. मी रोज संध्याकाळी तिच्या कपाळाला हात लावायची, आणि गार लागलं तरी माझा विश्वास बसायचा नाही.

विमानतळावर ती गळ्यात पडून रडली. मीही रडले. पण खरं सांगते, त्या रडण्यात सुटकाच जास्त होती. डॉक्टर, नर्स, बायजाबाय, सगळ्यांचे उपकार आहेत. दुसऱ्याची लेक तिच्या पायांनी चालत परत गेली. देवाकडे त्यानंतर मी फारसं काही मागितलेलं नाही.