गप्प बसायचा वर्ग

दिवसाची ड्युटी संपली की बाकीच्या सिस्टर चपला बदलून घरी जायच्या. ही मात्र त्याच चपलांनी पाय ओढत जिन्याखालच्या खोलीत उतरायची. तिथे होऊ घातलेल्या बापांचा वर्ग भरायचा. कधीकाळी त्या खोलीत मळक्या चादरींचे गठ्ठे पडलेले असत, त्यामुळे भिंतींना अजून ओल्या कापडाचा वास होता. खोलीत चार चटया, लाथ बसल्याशिवाय न उघडणारं एक कपाट, आणि कपाटात गोटीराम. गोटीराम म्हणजे बाहुला. पोटात वाळू भरून त्याला खऱ्या बाळाइतकं जड केलं होतं. बापांच्या हातून तो इतक्यांदा पडला होता की त्याचं नाक पार सपाट झालं होतं. खरं बाळ असतं तर कधीच घर सोडून गेलं असतं.

सिस्टर थकली होती. एका झोपेनं उतरावी अशी ती थकावट नव्हती, चांगली मुरलेली होती. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांत चुरचुर, आणि कंबर तर सासूसारखी, दिवसभर मागून कुरकुरणारी. सकाळपासून वॉर्डात कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाचा दीर, सगळे हिलाच विचारत, "अहो, अजून किती वेळ?" जणू बाळं हिच्याच खिशात होती आणि ही मुद्दाम काढून देत नव्हती.

आणि संध्याकाळी हे बाप.

एक होता बसचालक. तो बायकोशीसुद्धा प्रवाशांशी बोलावं तसा बोलायचा. एक बँकेतला कॅशियर, सगळ्याचा अंदाज मागणारा. एक बेकरीवाला, पहाटे भट्टी पेटवून आलेला, भिंतीला टेकला की घोरणारा. आणि चौथा रंगारी. त्याच्या कोपरांवर कायम चुन्याचे शिंतोडे आणि जिभेला हाड नाही.

सिस्टरची शिकवण्याची रीत तिची स्वतःची होती. लंगोट बांधणं, आंघोळ घालणं हे सगळं ती शेवटी घ्यायची. आधी कळांचं नाटक. स्वतःच कपाटाला धरून वाकायची आणि ओरडायची, "आई गं!" मग एकेका बापानं पुढे यायचं. नियम सोपा होता. खाली बसायचं, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. एकच प्रश्न विचारायचा, "काय हवंय?" मग तोंडाला कुलूप. ती सांगेल ते करायचं, आणि सांगेपर्यंत थांबायचं.

सोपा नियम, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"हे बघ, घाबरायचं नाही," बसचालक उभ्या-उभ्या म्हणायचा. "आलंच आता. जरा धरून उभी राहा."

"तू आधी शांत हो बरं," कॅशियर हात मागे बांधून म्हणायचा. "शांत झालीस की सगळं नीट होतं. साधारण किती दुखतंय?"

"उंटावरून शेळ्या हाकू नका!" सिस्टर वाकल्या-वाकल्याच ओरडायची. "खाली बसा!"

बेकरीवाला निदान बसायचा. पळत जाऊन पाणीही आणायचा, आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकायचा.

रंगाऱ्याची पाळी आली की सगळे सरसावून बसत. तो सिस्टरजवळ जायचाच नाही. तिच्याशेजारी उभा राहून तिच्यासारखाच कपाटाला धरून वाकायचा, आधी दीर्घ श्वास ओढायचा, खांदे वर, मान डावीकडे, आणि "आई गं!" असा हुबेहूब सूर लावायचा की एकदा वरच्या मजल्यावरून आया धावत खाली आली होती. बाकीचे पोट धरून हसायचे. सिस्टर हसायची नाही. हसायलाही अंगात काहीतरी लागतं.

त्यात या रंगाऱ्याचं प्रकरण वेगळं होतं. पहिल्या दिवशी त्याची बायको स्वतः त्याला दाराशी घेऊन आली होती, शाळेत पोर सोडावं तशी.

"सिस्टर, स्पष्टच सांगते. पहिल्या खेपेला माझा जीव चालला होता आणि हा डॉक्टरांची नक्कल करत होता! मी हसेना म्हणून नर्सला करून दाखवली. आणि ती हसली! मीच ह्याला बाहेर काढायला लावलं. या वेळी तुम्ही म्हणालात की हा गप्प बसू शकतो, तर येऊ दे आत. नाहीतर माझी बहीण येईल."

"तुझी बहीण माझ्यापेक्षा जास्त बोलते," रंगारी पुटपुटला.

"बघितलंत?" बायको म्हणाली.

मध्ये एकदा वर्ग सुटल्यावर तो नळावर कोपर घासत रेंगाळला होता. सिस्टर चटया गुंडाळत होती.

"सिस्टर, मला भीती वाटली की तोंड सुटतं. गप्प झालो की वाटतं, आता काहीतरी वाईट ऐकू येणार." त्यानं नळ बंद केला. "थोरल्याचं पहिलं रडणं मी दाराबाहेर बाकड्यावरून ऐकलं. आतून दोन पोरं एकदम रडत होती. आपलं कुठलं, तेसुद्धा कळलं नाही."

सिस्टरला ते बाकडं माहीत होतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि बसलेला बाप सबंध वेळ डुगडुगत राहायचा.

आज शेवटचा वर्ग. बायको उत्तर न्यायला येणार होती आणि सिस्टरनं मनाशी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. वाईट वाटत होतं, पण कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी तमाशा कशाला? रंगाऱ्यालाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. आल्यापासून तो जास्तच चेकाळला होता. कोपऱ्यात उभा राहून बसचालकाला कॅशियर करून दाखवत होता, "साधारण किती दुखतंय? पाच-दहा टक्के इकडे-तिकडे?"

सिस्टरनं कपाटाला लाथ घातली. गोटीराम आज खालच्या फळीवर होता. ती वाकली, त्याला उचललं, आणि कमरेत काहीतरी कट्कन गेलं.

गोटीराम पडला. सिस्टरनं कपाटाचं दार घट्ट धरलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"चला, सुरू झालं," बसचालक म्हणाला. "कुणाचा नंबर?"

"आज काय झकास करताय, सिस्टर!" बेकरीवाला जागा होऊन म्हणाला.

कॅशियर जबाबदारीनं पुढे झाला. सगळं पाठ करून आला होता. उभ्यानंच त्यानं विचारलं, "काय हवंय?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे, "पाणी हवंय का? पंखा लावू? की आधी शांत होतेस?"

कोपऱ्यातला आवाज बंद पडला होता. रंगारी टक लावून तिच्या खांद्यांकडे बघत होता.

"सरका," तो म्हणाला. "नाटक नाही हे."

"कशावरून?"

"नाटकात त्या आधी श्वास घेतात. आज घेतलाच नाही."

तो आला आणि गुडघ्यांवर बसला. तिच्या काखेत खांदा देऊन त्यानं तिला हळूहळू चटईवर कुशीवर निजवलं. मग तिच्या तोंडासमोर तोंड आणून विचारलं, "काय हवंय?"

आणि थांबला.

सिस्टरला बोलता येईना. तिनं नुसता हात हलवला. तो थांबून राहिला. बेकरीवाला म्हणाला, "बाम आणू का, माझ्या मेव्हण्याला..." रंगाऱ्यानं न बघताच एक बोट वर केलं. बेकरीवाला गप्प.

"कंबर," बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाली.

त्यानं मूठ लावली.

"खाली."

मूठ खाली सरकली आणि नेमकी बसली. मान वळवून तिनं पाहिलं, तर त्याचे ओठ हलत होते. तापलेलं दूध वर यावं तशी एकेक नक्कल ओठांपर्यंत येत होती आणि तो ती गिळत होता. घाम फुटला होता, पण तोंडातून अवाक्षर नाही. नळ ठिबकत होता. वर कुणाचंतरी बाळ रडत होतं.

इतकी वर्षं ती हे शिकवत होती. पण विचारून कुणी असं थांबलं की किती बरं वाटतं, हे तिला आजच कळलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. घरी नाही, वॉर्डात नाही. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, ते तिनं वाहू दिलं. कुणाला काय, कमरेचंच वाटणार होतं.

तेवढ्यात दाराशी सावली पडली. रंगाऱ्याची बायको, पोटावर एक हात, चौकटीवर एक. तिनं चटईवर पडलेली सिस्टर पाहिली, जमिनीवर उताणा गोटीराम पाहिला, आणि नवरा.

"आता काय करून ठेवलं ह्यानं?"

बसचालक, कॅशियर, बेकरीवाला, तिघे एकदम बोलू लागले. जो एरवी पहिला बोलला असता, तो बोललाच नाही. बायकोनं वाट पाहिली. मग तिचा चेहरा बदलला.

"अगं बाई, हा बोलत का नाहीये? ह्याला काय झालंय?"

"काही नाही," सिस्टर डोळे मिटूनच म्हणाली. "ने त्याला आत."

"नक्की? शेवटपर्यंत टिकेल?"

"टिकेल. बाळ आलं की मात्र सोड त्याला. फार साठलंय."

बायको चौकटीला टेकली. बराच वेळ नवऱ्याकडे नुसती बघत राहिली.

"सिस्टर," रंगारी अगदी हळू म्हणाला, "आता बोलू?"

"नको," सिस्टर म्हणाली. "दाब."