लोखंडाचा रवा

टेंभुर्णीच्या भुजंग लोहाराला नीट दिसत नाही, हे त्याची बायको झुंबरबाई सोडली तर गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, म्हातारा ऐटीत मान वर करून बसतो.

लोखंडाचं काम डोळ्यावर चालतं. तुपाला रवा असतो तसा लोखंडालाही असतो. भट्टीत ते गरजेपेक्षा जास्त तापलं, जास्त वेळ राहिलं, की मोठे कण शेजारच्या बारक्यांना गिळून फुगतात. वरून काही कळत नाही, पण जाड रव्याचं लोखंड हिसक्यासरशी मोडतं. म्हणून रंग बघून ते वेळेत बाहेर काढायचं. भुजंगला रंगच दिसेना. मग भाता मारता मारता झुंबरबाई रंग बघायची आणि वेळ झाली की हात थांबवायची. भाता थांबला की तो सांडशी उचलायचा. नवऱ्याची अब्रू तिनं अशी झाकून ठेवली होती.

१९८७ च्या उन्हाळ्यात विहिरी खोदायच्या माझ्या क्रेनचा हूक झिजला. नवा घडवून घ्यायला ट्रकच्या अ‍ॅक्सलचा तुकडा घेऊन मी भुजंगकडे गेलो. झुंबरबाई तापानं फणफणत आत पडली होती.

"उद्या या, मालक," भुजंग म्हणाला.

मी कसला थांबतोय! "भाता मी मारतो, घण कडूबा घालील. जल्दी करा, मामा."

कडूबा म्हणजे विहिरीत उतरून बकेट भरणारा माझा गडी. भुजंग थांब म्हणेल म्हणून मी भाता मारत राहिलो, आणि भाता थांबेल म्हणून तो गप्प बसून राहिला. शेवटी कडूबाच ओरडला, "मामा, पांढरंफटक होऊन राह्यलंय की!"

पाचव्या दिवशी तो हूक मोडला आणि दगडांनी भरलेली बकेट खाली उभ्या कडूबावर पडली. तो जागीच गेला.

तुकडे घेऊन मी भुजंगकडे गेलो. मोडलेली बाजू चमचम करत होती. मी मूर्ख, मला वाटलं, चमकतंय म्हणजे माल अव्वल. भुजंगनं तिच्यावरून बराच वेळ अंगठा फिरवला.

"रवा कसा हाय?" त्यानं बायकोला विचारलं.

"बारीक हाय," झुंबरबाई म्हणाली.

"म्हणजे वजनच जास्त झालं," मी म्हणालो. भुजंगनं तुकडे परत माझ्या हातात ठेवले. खेपा वाचवायला कडूबानं बकेट शिगोशीग भरली, असं गावभर झालं. मला ते सोयीचं होतं. भुजंगनं पुन्हा भट्टी पेटवली नाही.

१९९६ साली तो वारला. तेरावं झाल्यावर झुंबरबाईनं मला सगळं सांगितलं: त्याचे डोळे, भात्याची खूण, आणि मोडल्यावर चमकतो तो जाड रवा असतो, हेही. "नंदाबाईकडं चला, मालक. मला एकटीला जाववत न्हाई."

नंदाबाई, कडूबाची बायको, ज्वारी पाखडत होती. झुंबरबाईनं उभ्याउभ्याच सांगितलं. भात्याचं मी सांगितलं. वाटलं, आता ही दगड उचलणार.

"मंग बकेट त्यानं जास्त भरली नव्हती?" तिनं विचारलं.

"न्हाई. बराबर भरली होती," मी म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं.

"नऊ वरसं," ती म्हणाली, "दर पित्राला पान वाढताना मी त्याला शिव्या देल्या. म्हणलं, खा, हावरटा."